प नसलेल्या गावात

सूरच्या बाराखडीत प नाही.
म्हणून कमालुद्दीन परकार, मुक्काम पोस्ट हर्णै,
समुद्र ओलांडून आले आणि पहिल्याच दिवशी
झाले उस्ताद बरकार.
वर्गात कुणी हसलं नाही.
काही चुकलंय असं कुणाला वाटलंच नव्हतं.

एरवी चूक दिसली की अब्बांचा हात खिशाकडे जायचा,
लाल पेनाकडे.
दुसरीत असताना मी पत्र धाडलं:
अब्बा तुमची आठवन येते.
दीड महिन्याने तेच पत्र परत आलं.
न भोवती लाल गोल, समासात टीप:
ण, बाणातला. नळातला नव्हे.
पाच वेळा लिहून पाठव.
मी ओसरीवर पालथी पडून पाच वेळा लिहिलं
आणि रागाने पाकीट चिकटवलं.

माच्या पत्रांत एकही ओळ सरळ नसायची,
काने कुठे, मात्रा कुठे.
ती पत्रं कधी परत आली नाहीत.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा आम्हाला बोलावलं.
दोन खोल्या, खिडकीत धापा टाकणारा एसी,
आणि बिस्किटाच्या डब्यात अकरा पासपोर्ट:
दोन्ही चाचांचे, फुफीच्या नवऱ्याचा,
एक असाही, ज्याचं नातं
कुणालाच धड सांगता यायचं नाही.
चौकटीच्या वहीत व्हिसाचे आकडे, पै न पै.
शेजारी "परत आले" असा रकाना,
पट्टीने आखलेला,
खालपर्यंत कोरा.

संध्याकाळी गलबतांच्या वाडीत
सुतारांची पोरं त्यांच्याभोवती बसायची.
अर्धवट गलबताच्या नाळेवर खडूने रेघ मारून
ते चढ शिकवायचे, कोन शिकवायचे.
घरी यायचे तेव्हा सदऱ्याला माशाच्या तेलाचा वास.
मा म्हणायची, हर्णैहून आलात की काय?

मासळीबाजारात सुरमई साडेतीन रियाल किलो.
दुकानदार कॅल्क्युलेटर शोधेतोवर
अब्बा पुटपुटत: सात औटे साडेचोवीस.
औटकी कुठे उपयोगाला येते असं आम्ही विचारायचो.
इथे येत होती.

साठ झाली. कंपासपेटीसारखी
त्यांची नोकरी बंद झाली, खट् आवाज करून.
मी तेव्हा दवाखान्यात हिशेब बघत होते.
अकरांना आणणारा माणूस
बारावा होऊन माझ्या नावावर राहिला.
नव्या कार्डावर लिहिलं होतं, व्यवसाय: नाही.
ते कार्ड त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हात खिशाकडे गेला
आणि तिथेच थांबला.

दफनाला आम्ही बायका नव्हतो.
चाचाने सांगितलं, कबरीत उतरले ते चौघे
वाडीतलेच होते, आता दाढ्या पांढऱ्या.
एक जण दोनदा नापास झालेला.
माती सारखी करताना तोच जास्त वेळ बसून राहिला,
तळहाताने काठ सरळ करत.

डबा मी उघडला त्या रात्री.
पासपोर्ट जिथले तिथे गेलेले, केव्हाच.
तळाशी एक घडी:
आठवण आठवण आठवण आठवण आठवण.
माझंच बाळबोध अक्षर, चौथ्यात थोडं घसरलेलं.
खाली लाल शाईत दहापैकी दहा,
आणि ते मला कधी कळवलेलं नाही.

दाखल्यासाठी गेले तेव्हा कारकुनाने
पडदा माझ्याकडे वळवला.
नाव तपासा, ताई.
कमालुद्दीन बरकार.
बे खाली एकच नुक्ता.
आणखी दोन दिले असते तर
परकार झालं असतं,
हर्णै, किल्ला, बंदरावरची वाळत घातलेली जाळी,
सगळं.
पर्समध्ये त्यांचं पेन होतं.

तेहतीस वर्षं हा एकच शब्द
त्यांनी तपासायचा सोडून दिला होता.

मी म्हटलं, बरोबर आहे.
त्याने शिक्का मारला.
पुढचा माणूस तोवर खुर्चीकडे सरकलाही होता.